‘समथिंग’: पांढरी एक ते पांढरी सहा

बीटल्स या इंग्लिश चौकडीचे ‘समथिंग’ हे गाणे जेमतेम तीन मिनिटांचे आहे, आणि त्या तीन मिनिटांत ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य एकदाही येत नाही. ही गोष्ट हेरली ती फ्रँक सिनात्रा यांच्यासारख्या, हयातभर प्रेमगीतेच गायलेल्या गायकाने. गेल्या पन्नास वर्षांतले सर्वोत्तम प्रेमगीत असे ते या गाण्याला म्हणत, आणि प्रेमाची कबुली न देता ते प्रेमगीत कसे होते, याचे त्यांना मोठे कौतुक वाटे. गंमत अशी, की मंचावर हे कौतुक करताना ते गाण्याचे श्रेय मात्र बीटल्समधल्याच जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी या गीतकार जोडीला देत असत. गाणे होते जॉर्ज हॅरिसन यांचे, म्हणजे चौघांमधल्या वयाने सर्वांत लहान आणि गीतकार म्हणून बराच काळ मागच्या बाकावर बसवलेल्या सभासदाचे.

इंग्रजी रॉक संगीत ऐकण्याची सवय नसलेल्या मराठी वाचकाला हे गाणे पहिल्यांदा ऐकताना ‘छान, संथ, गोड’ एवढेच वाटण्याची शक्यता आहे. त्यात चूक काही नाही, कारण गाणे तसे आहेच. तरीही या गोडव्याखाली एक विलक्षण रचना दडलेली आहे, आणि ती समजायला पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण लागत नाही. घरात पेटी असेल तर तेवढी पुरते. शब्द जिथे सर्वांत जास्त डळमळतात तिथेच या गाण्याचे सूर सर्वांत ठाम उभे राहतात, आणि शब्द जिथे निर्धास्त असतात तिथे सूर पायाखालून हळूच सरकत असतात. गाण्याचा अर्थ केवळ शब्दांत शोधला तर तो निम्माच हाती लागतो.

आधी गाणे कसे घडले ते थोडक्यात पाहू. १९६८ साली बीटल्सचा, पुढे ‘व्हाइट अल्बम’ या नावाने ओळखला गेलेला दुहेरी संग्रह लंडनच्या अ‍ॅबी रोड रस्त्यावरील ईएमआय स्टुडिओत ध्वनिमुद्रित होत होता. मॅकार्टनी आपल्या एका ध्वनिमुद्रणात गुंतलेले असताना हॅरिसन रिकाम्या पडलेल्या दुसऱ्या स्टुडिओत गेले आणि तिथल्या पियानोवर त्यांनी हे गाणे बांधायला घेतले. पुढे आठवण सांगताना त्यांनी लिहिले, की बाकी विशेष काही सांगण्यासारखे नाही, मधला भाग जुळायला मात्र वेळ लागला. हा ‘मधला भाग’ लक्षात ठेवावा, कारण गाण्याची किल्ली तिथेच आहे. पहिली ओळ त्यांनी उसनी घेतली होती. बीटल्सच्याच अ‍ॅपल कंपनीने त्या वर्षी जेम्स टेलर या तरुण अमेरिकन गायकाचा पहिला संग्रह काढला होता आणि त्यातील एका गाण्याचे शीर्षक म्हणजे ‘समथिंग’ची पहिली ओळ जशीच्या तशी आहे. त्या ओळीपुढचे सारे मात्र हॅरिसन यांचे स्वतःचे आहे.

त्यानंतरचा प्रसंग या गाण्याबद्दल बरेच काही सांगून जातो. जानेवारी १९६९ मध्ये चौघे तालीम करत असताना हॅरिसन दुसऱ्या ओळीपाशी अडकलेले होते. तिच्या चालण्यात काहीतरी आहे, ते मला खेचून घेते, पण खेचते कशासारखे? लेनन यांनी सल्ला दिला, की नेमका शब्द सुचेपर्यंत तोंडाला येईल ते म्हणत राहा, अगदी ‘फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे’ म्हटले तरी चालेल. हॅरिसन काही काळ ‘डाळिंबासारखे’ म्हणत राहिले. हे संभाषण त्या वेळी ध्वनिमुद्रित झाले होते आणि २०२१ साली प्रदर्शित झालेल्या माहितीपटामुळे ते जगभर ऐकले गेले. लोक त्यावर हसतात. मला मात्र त्यात कवीची खरी अडचण दिसते. तिथे उपमा हवी होती आणि एकही उपमा पुरेशी पडत नव्हती, म्हणून शेवटी जी ओळ आली तिच्यात उपमाच नाही. दुसऱ्या कोणत्याही प्रेयसीने खेचले नसेल तसे ही मला खेचते, इतकेच तिथे म्हटले आहे. तुलना ‘कशासारखी’ नसून ‘कशासारखीच नाही’ अशी आहे. डाळिंबाची जागा नकाराने घेतली.

आता शब्दांकडे वळू. गाण्यात तीन कडवी आहेत आणि एक मधला भाग. पहिले आणि तिसरे कडवे ‘समथिंग’ या शब्दाने सुरू होते, दुसरे ‘समव्हेअर’ने, म्हणजे ‘कुठेतरी’ने. ‘समथिंग’ला आपल्याकडे ‘काहीतरी’ हाच शब्द आहे, आणि मराठीत तो जितका मोघम आहे तितकाच इंग्रजीतही आहे. पहिल्या कडव्यात हे काहीतरी तिच्या चालण्या-वावरण्याच्या ढबीत आहे, दुसऱ्यात तिच्या हसण्यात आहे, आणि तिसऱ्यात ते तिच्या ‘जाणण्यात’ आहे. या साऱ्या वर्णनात तिचे डोळे नाहीत, केस नाहीत, रंग नाही, नाव नाही. वाचकाला तिचे चित्र काढायला सांगितले तर एकही रेघ ओढता येणार नाही. कवी तिच्याकडे बघतो आहे हे कळते, पण त्याला काय दिसते ते कळत नाही. त्याला फक्त तिची ‘तऱ्हा’ दिसते. तीन कडव्यांचा क्रमही सहज लागलेला नाही. चालणे दुरून दिसते, हसणे पाहायला जवळ यावे लागते, आणि तिसऱ्या कडव्यात तर ती समोर असण्याचीही गरज उरत नाही, कारण तिथे तो म्हणतो, की मला फक्त तिचा विचार करायचा असतो. बाहेरून आत असा हा प्रवास आहे, आणि तो इतका हळू होतो की दहा वेळा ऐकूनही लक्षात येत नाही.

पहिल्या कडव्याच्या शेवटी ‘बिलीव्ह अँड हाउ’ असे शब्द येतात आणि मराठी श्रोत्याची तिथे हमखास फसगत होते, कारण त्यात ‘कसे’ असा प्रश्न असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ‘अँड हाउ’ हा बोलीतला जोर देणारा प्रयोग आहे. आपण ‘विश्वास आहे म्हणजे काय, आहेच!’ म्हणतो तसा. म्हणजे इथे कवी शंका घेत नसून तिला सोडून जायचे नाही हे पुरेपूर सांगतो आहे. कडव्यांत तो असा निःशंक आहे.

मग मधला भाग येतो आणि एक विलक्षण गोष्ट घडते. इतका वेळ ‘ती’ असलेली व्यक्ती अचानक ‘तू’ होते. तू मला विचारते आहेस, की माझे प्रेम वाढेल का. आणि याचे उत्तर तो देतो, ‘मला माहीत नाही’. एकदा नाही, दोनदा. वर आणखी म्हणतो, थांब, जवळपास राहा, कदाचित दिसेल. इथले इंग्रजी शब्दही मुद्दाम साधे, घरगुती आहेत. ‘स्टिक अराउंड’ हा काही आणाभाकांचा शब्दप्रयोग नाही, तो पाहुण्याला ‘थांब की जरा’ म्हणावे तसला आहे. प्रेमगीतांच्या जगात हे उत्तर जवळजवळ निषिद्ध आहे. तिथे प्रेम सागराइतके खोल असते, जन्मोजन्मीचे असते, चंद्रसूर्य असेपर्यंतचे असते. इथे एक माणूस, ज्याने आताच तिला सोडून जायचे नाही असे ठासून सांगितले, तो भविष्याबद्दल विचारल्यावर खांदे उडवतो.

हा ‘तू’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्नही उरतोच. तीच समोर येऊन विचारते आहे असे बहुतेक जण धरून चालतात. पण कडव्यात ‘यू नो’ म्हणताना तो आपल्याशी, म्हणजे ऐकणाऱ्याशी बोलत होता, आणि तोच ऐकणारा आता पुढे झुकून ‘मग पुढे काय?’ असे विचारत असेल तर? दुसऱ्या वाचनात तो खांदे उडवतो ते आपल्या भोचक प्रश्नावर. मला व्यक्तिशः पहिला अर्थ जवळचा वाटतो, कारण तिच्यासमोर खरे बोलण्याला जास्त धैर्य लागते. तरी व्याकरणाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत.

आता पेटी पुढे ओढावी. गाणे पांढरी एकमध्ये आहे, ज्याला पाश्चात्त्य संगीतात सी म्हणतात. पाश्चात्त्य गाण्यात चालीच्या खाली एकाच वेळी तीन-चार सूर मिळून वाजत असतात, त्याला कॉर्ड किंवा स्वरमेळ म्हणतात, आणि चाल पुढे सरकते तसे हे स्वरमेळ बदलत जातात. पांढरी एकवर सा धरून सा, ग, प हे तीन सूर एकत्र दाबले की ‘समथिंग’चा पहिला स्वरमेळ मिळतो. आता गंधार आणि पंचम धरून ठेवावे आणि वरच्या षड्जावरचे बोट एकेक अर्धस्वर खाली सरकवावे. वरचा सा, मग शुद्ध निषाद, म्हणजे पांढरी सात. मग कोमल निषाद, म्हणजे काळी पाच. आणि मग शुद्ध धैवत, म्हणजे पांढरी सहा. धैवतापाशी पोहोचल्यावर गंधार आणि पंचम सोडून मध्यम, म्हणजे पांढरी चार दाबावी. डाव्या हाताने खालचा षड्ज तेवढा धरून ठेवला, की कडव्याच्या पहिल्या दोन ओळींचा सांगाडा आपल्या घरात वाजू लागतो.

या उतरणीत खरी जादू आहे. पहिल्या ओळीत आवाज बराच वेळ षड्जावरच रेंगाळतो आणि ‘मूव्ह्ज’ या शब्दावर तो निषादावर उतरतो. म्हणजे ‘हलते’ असा शब्द येतो आणि नेमका त्याच क्षणी स्थिर असलेला सूर हलतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यात याच जागी ‘नोज’, म्हणजे ‘जाणते’, हा शब्द आहे. तिचे चालणे आणि तिचे जाणणे ही दोन्ही त्या एका निषादावर येऊन टेकतात. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला शुद्ध निषादाचा स्वभाव ठाऊक असतो: तो षड्जाच्या उंबरठ्यावर उभा असतो आणि वर जायला अधीर असतो. इथे तो वर जात नाही. तो आणखी खाली, कोमल निषादावर घसरतो, आणि तिथून धैवतावर. ओढ एका दिशेची आणि जाणे दुसऱ्या दिशेचे, अशी ही अवस्था आहे. प्रेमात पडण्याला इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषा ‘पडणे’च म्हणतात, इथे तो सूर खरोखर पडतो, पण इतक्या हळुवार की पायरी चुकल्याचे कळतच नाही.

कडव्याच्या उत्तरार्धात, तिला सोडायचे नाही असे तो म्हणतो तिथे, हाच खेळ दुसऱ्या जागेवरून पुन्हा होतो. स्वरमेळ आता पांढरी सहावरचा, उदासवाणा, कोमल गंधाराचा आहे आणि त्याच्या आतला सूर पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच, काळी तीन असा उतरत जातो. शब्द ठाम आहेत, सोडणार नाही म्हणजे नाही, आणि त्यांच्याखालची जमीन अर्ध्या अर्ध्या स्वराने सरकते आहे.

कडवे संपले की गिटारवर पाच सुरांची एक छोटी लकेर येते. गाण्याची सुरुवात होते तीही ड्रमच्या एका घुमाऱ्यानंतर याच लकेरीने. मराठी भावगीतात किंवा अभंगात धृवपद असते, कडवे गाऊन आपण त्याच्याकडे परत येतो. ‘समथिंग’मध्ये गायले जाणारे धृवपद नाही, ते काम ही लकेर करते. जिथे कवीने गाण्याचे सार एका ओळीत सांगायला हवे होते तिथे तो गप्प बसतो आणि गिटार बोलते. आणि ती बोलते काय, तर पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात आणि पुन्हा वरची पांढरी एक. कडव्यात जे सूर उतरले होते तेच आता उलट्या क्रमाने चढत घरी येतात. हे कागदावर लिहिल्यावर हिशेबी वाटते, कानाला मात्र केवळ इतकेच जाणवते, की कुणीतरी हरवले होते आणि ते सापडले.

आता मधल्या भागाकडे. दुसऱ्या कडव्यानंतर ही लकेर पुन्हा येते, पण शेवटच्या पावलाला ती पांढरी एकवर उतरण्याऐवजी पांढरी सहाच्या स्वरमेळावर उतरते. आपल्या भाषेत सांगायचे तर मैफल चालू असताना षड्जच बदलतो. पांढरी सहा आता धैवत उरत नाही, ती सा होते. त्याबरोबर इतका वेळ घर असलेली पांढरी एक दूर होते आणि तिच्या जागी काळी एक उजळून उठते, कारण नव्या षड्जाचा शुद्ध गंधार तोच आहे. खोलीतला दिवा मालवून दुसऱ्या भिंतीवरचा दिवा लावावा तसा हा बदल ऐकू येतो. इथे रिंगो स्टार यांचे ड्रम एकदम भरून येतात, आवाज वरच्या सुरांत जातो आणि स्वरमेळांच्या तळाशी नव्या षड्जापासून सा, नी, ध, प, म अशी पायरी पायरीने खाली येणारी, अत्यंत सुस्पष्ट चाल सुरू होते. कडव्यांतल्या उतरणीत सूर अर्धस्वरांनी निसटत होता. इथे तो सरळ जिन्याने, एकही पायरी न चुकवता उतरतो. साऱ्या गाण्यातली ही सर्वांत भक्कम, सर्वांत मोकळ्या गळ्याची जागा आहे. आणि या जागेवर शब्द कोणते आहेत? ‘मला माहीत नाही.’

हॅरिसन यांनी ‘माहीत नाही’ हे शब्द कुजबुजत, ओशाळून म्हटले असते तर तो एका गोंधळलेल्या माणसाचा कबुलीजबाब झाला असता. त्यांनी ते आरोळीसारखे म्हटले. त्यामुळे त्या शब्दांचा अर्थच बदलतो. प्रेम वाढेल का, हे मला ठाऊक नाही, पण न ठाऊक असण्याची मला भीती वाटत नाही, असे ते सूर सांगतात. ज्याला हे गाणे थंड किंवा निर्विकार वाटते त्याने हा भाग शब्दांकडे लक्ष न देता एकदा ऐकावा आणि मग, इथे माणूस काय म्हणत असेल, असे स्वतःला विचारावे. कुणीही ‘हो, वाढेल’ असेच सांगेल.

या भागानंतर गाणे पुन्हा पांढरी एकवर येते आणि कडव्याच्या जागी गिटार वाजते. रॉक संगीतात गिटारचा एकल तुकडा म्हणजे बहुधा बोटांच्या वेगाची प्रदर्शनी असते. इथे वेग नाही. तार बाजूला ताणून एका सुरातून दुसऱ्या सुरात अखंड सरकत जाणे, ज्याला आपण मींड म्हणतो, तेच इथे मुख्य आहे. हॅरिसन यांनी १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला सुरुवात केली होती, त्यासाठी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते मुंबईत येऊन ताजमहाल हॉटेलात राहिले होते, आणि जानेवारी १९६८ मध्ये एचएमव्हीच्या मुंबईतील स्टुडिओत त्यांनी भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रणही केले होते. त्यानंतर त्यांनी सतार बाजूला ठेवली, कारण उत्तम सतारिया होण्यासाठी आयुष्य लहानपणापासून द्यावे लागते हे त्यांना कळले होते. ‘समथिंग’मध्ये सतार कुठेही नाही आणि त्यातला गिटारचा तुकडा म्हणजे सतारवादनाची नक्कलही नाही. पण सुराला हात घालण्याआधी थांबण्याची, आणि पोहोचल्यावर तिथे ठरण्याची जी सवय त्यात ऐकू येते, तिचा उगम त्या दोन-तीन वर्षांत नसेल असे मानणे मला कठीण जाते.

ध्वनिमुद्रणाची हकीकत या तुकड्यापुरती सांगायला हवी. २५ फेब्रुवारी १९६९ रोजी, स्वतःच्या सव्विसाव्या वाढदिवशी, हॅरिसन यांनी एकट्याने गाण्याचा कच्चा मसुदा ध्वनिमुद्रित केला. तो १९९६ साली ‘अँथॉलॉजी ३’ या संग्रहात प्रसिद्ध झाला आणि मुळात हे गाणे किती उघडेवाघडे, एकाकी होते ते त्यात ऐकता येते. एप्रिलपासून चौघांनी ते वाजवायला घेतले. बिली प्रेस्टन यांचा ऑर्गन त्यात आहे. मे महिन्यातले रूप तर जवळजवळ आठ मिनिटांचे होते, कारण गाणे संपल्यावर वादक तसेच वाजवत राहिले होते; तो भाग पुढे कापला गेला आणि गाण्यावर उपकार झाले. १५ ऑगस्ट रोजी निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या दिग्दर्शनाखाली एकवीस तंतुवाद्यांचा ताफा ध्वनिमुद्रित झाला. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांच्या आठवणीनुसार टेपवर मोकळी जागा उरलेली नव्हती, म्हणून हॅरिसन यांना गिटारचा तुकडा त्या वाद्यवृंदाच्या सोबतच पुन्हा वाजवावा लागला, म्हणजे चूक झाली असती तर सगळ्यांनाच पुन्हा वाजवावे लागले असते. हे ऐकून तो तुकडा पुन्हा ऐकावा. त्यात घाईचा मागमूसही नाही.

मॅकार्टनी यांच्या बास गिटारबद्दल मतभेद आहेत. ती कडव्याखाली स्वतःचीच एक चाल गात असते, आणि काहींना ती जास्त बडबडी वाटते. एकदा फक्त तिच्याकडे कान देऊन गाणे ऐकले की दोन्ही बाजू पटतात. माझे मत असे, की गायक जिथे शब्द आखडता घेतो तिथे कुणीतरी बोलके असणे गरजेचे होते.

गाणे २६ सप्टेंबर १९६९ रोजी ‘अ‍ॅबी रोड’ या संग्रहात आले आणि ऑक्टोबरमध्ये एकेरी तबकडीवर निघाले. बीटल्सच्या एकेरी तबकडीच्या मुख्य बाजूवर हॅरिसन यांचे गाणे येण्याची ही पहिलीच वेळ होती. ‘अ‍ॅबी रोड’वरील सर्वांत चांगले गाणे हेच, असे लेनन यांनी मोकळेपणाने सांगितले. त्या सुमारास लेनन यांनी चौकडी सोडण्याचा निर्णय इतरांना कळवला होता, पण बाहेर ते कुणाला ठाऊक नव्हते. या गाण्यासाठी केलेल्या छोट्या चित्रफितीत चारही जण आपापल्या पत्नीसोबत दिसतात आणि चौघे एकत्र एकदाही दिसत नाहीत. प्रेमगीताची चित्रफीत म्हणून ती गोड आहे, चौकडीची चित्रफीत म्हणून पाहिली तर अंगावर काटा येतो.

हे गाणे कोणावर लिहिले, हा प्रश्न चघळला गेला नसता तरच नवल. हॅरिसन यांची पत्नी पॅटी बॉइड यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की त्यांनी ते आपल्यासाठी लिहिल्याचे सांगितले होते. हॅरिसन यांनी मात्र पुढे सांगितले, की लिहिताना डोळ्यांसमोर अमेरिकन गायक रे चार्ल्स होते, म्हणजे हे गाणे रे चार्ल्स यांच्या आवाजात ते कल्पत होते. या दोन विधानांत मला विरोध दिसत नाही. गाणे कोणासाठी आहे आणि ते कोणाच्या गळ्यात शोभेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि संगीतकार दुसऱ्याचे उत्तर देऊन पहिल्याचे टाळू शकतो. दोघांचा घटस्फोट १९७७ मध्ये झाला आणि मग ‘माहीत नाही’ या शब्दांत लोकांना भविष्यवाणी दिसू लागली. हे वाचन गाण्यावर अन्याय करणारे आहे. ‘माहीत नाही’ हे उत्तर प्रेम टिकले असते तरी तितकेच खरे ठरले असते.

तिसरा एक अर्थ भारतीय वाचकाला विशेष खुणावतो. ज्या उन्हाळ्यात हे गाणे पुरे झाले त्याच उन्हाळ्यात हॅरिसन यांनी लंडनच्या राधाकृष्ण मंदिरातील भक्तांकडून ‘हरे कृष्ण’ मंत्राची तबकडी ध्वनिमुद्रित करून घेतली होती, आणि स्त्रीवरचे प्रेम व ईश्वरावरचे प्रेम ही मुळात वेगळी नाहीत, अशा आशयाचे विचार त्यांनी पुढे मांडले. त्यामुळे या गाण्यातील ‘ती’ म्हणजे प्रत्यक्षात कृष्णच, असे मानणारे रसिक आहेत. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला असा अर्थ लावणे अवघड नाही. उलट ते जरा जास्तच सोपे आहे. तिसऱ्या कडव्यातील ‘फक्त तिचा विचार करायचा असतो’ ही ओळ नामस्मरणासारखी वाचता येते, हे मी मान्य करतो. पण मधला भाग तिथे अडतो. विरहिणी देवावर रुसेल, त्याला ठक म्हणेल, त्याच्या दारात ताटकळेल, पण ‘माझे प्रेम वाढेल का, कोण जाणे, थांबून बघ’ असे ती म्हणणार नाही. हे वाक्य माणसाने माणसालाच म्हणायचे आहे. ज्याला भक्तिगीत हवे त्याने ही दोन ओळींची अडचण सोडवून दाखवावी.

गाणे पुढे असंख्य गायकांनी गायले. शर्ली बॅसी यांनी १९७० मध्ये ते नाट्यमय केले, एल्व्हिस प्रेस्ली यांनी १९७३ च्या हवाई बेटांवरील कार्यक्रमात गायले, आणि ज्यांच्यासाठी ते कल्पिले होते त्या रे चार्ल्स यांनीही गायले. यातल्या बहुतेकांनी ‘माहीत नाही’वर आवाज चढवला, कारण चालच तसे करायला लावते. २९ नोव्हेंबर २००२ रोजी, हॅरिसन यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मॅकार्टनी युकुलेली हे गिटारसारखे छोटे तंतुवाद्य घेऊन उभे राहिले आणि त्यावर हलक्याफुलक्या ठेक्यात त्यांनी हे गाणे सुरू केले. मागून पूर्ण वाद्यवृंद आला तेव्हा त्यात गिटार घेऊन एरिक क्लॅप्टन होते, ज्यांच्याशी पॅटी बॉइड यांनी १९७९ मध्ये विवाह केला होता. कोणत्याही कादंबरीकाराने असा प्रसंग लिहिला असता तर त्याला तो जुळवून आणल्याचा आरोप सहन करावा लागला असता.

मूळ ध्वनिमुद्रण ऐकताना शेवटच्या काही सेकंदांवर लक्ष ठेवावे. तिसरे कडवे संपते, लकेर येते, आणि ती पुन्हा पांढरी सहाच्या स्वरमेळावर उतरते, जशी मधल्या भागाच्या आधी उतरली होती. कानाला वाटते, आता तो दिवा पुन्हा लागणार, ती पुन्हा तोच प्रश्न विचारणार आणि या वेळी कदाचित वेगळे उत्तर मिळणार. क्षणभर तसेच वाटत राहते. मग गिटार तीच लकेर आणखी एकदा, किंचित सावकाश वाजवते, पांढरी सहावरून चढत पांढरी एकवर येते, आणि तंतुवाद्यांचा शेवटचा सूर तिथेच विरतो.